चिखलातली टाच

महिपतीचा बैल मागच्या पावसाळ्यात वरच्या वाटेवरनं दरडीसकट खाली गेला, आन तवापासनं कुशाबाच्या दारात महिपतीचा भाव उतरला. आधी दोघांकडं एकेक बैल. दोघांची मिळून जोडी व्हायची, आज तुझं खाचर तर उद्या माझं. आता महिपतीकडं नुसतं जू उरलं. कुशाबानं आपला बैल खालच्या वाडीतल्या चंदूच्या बैलाला जोडला, आन बांधावर उभं ऱ्हाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आधी बैल आण, मग जोडी मागायला ये. महिपती घरी येऊन त्याच्या सात पिढ्या उकरत बसला. बसूनच, कारण उठून भांडायची ताकद त्याच्या कमरेत ऱ्हायली नव्हती.

भाताचं रोप जून व्हायला लागलं होतं. पावर टिलरसुद्धा चढत नाय असली डोंगरातली खाचरं, बैलाशिवाय करणार काय?

महिपतीच्या पोराला, सार्थकला, ह्यातलं कायच पडलं नव्हतं. नववीत मास्तरांनी वर्गाबाहेर उभा केला तो परत आत गेलाच नाय. त्याच्या डोक्यात एकच, कबड्डी. बिरवाडीला एका कंपनीच्या संघाची निवड होती. निवड झाली की कंपनीत काम, ऱ्हायला खोली. ह्या डोंगरातनं सुटायची तेवढीच वाट. चुलतभाऊ हृतिक तिथंच भाड्यानं ऱ्हायचा. त्यानं जत्रेच्या सामन्यात सार्थकला बघून सांगितलं होतं, तुझी मांडी पुढनं दगड हाय, पण मागं काय नाय. कंबर, कुल्ले, मांडीची मागची शीर, सगळं ढिलं. पकड तिथनं सुटते. वर मोबाईलवर व्हिडिओ धाडले.

व्हिडिओतला माणूस लोखंड उचलायचा. वाडीत लोखंड म्हंजे कुदळ आन विळा. मग सार्थकनं आपलं आपण काढलं. पडवीत उताणा पडायचा, भाताचं पोतं जांघेवर घ्यायचा आन कंबर वर उचलायचा. पहिल्यांदा बघितलं तवा त्याची आई आवडी तोंडाला पदर लावून आत पळाली. गोठा रिकामाच होता. तिथं गुडघ्यावर उभा ऱ्हायचा, गव्हाणीच्या दांड्याखाली टाचा अडकवायचा आन तोडलेलं झाड पडावं तसा, पण सावकाश, पुढं पडायचा. मांडीच्या मागं नुसती आग.

महिपती दारातनं बघत होता. म्हणाला, "बैल गेला, पण गोठ्यात जनावर हाय अजून."

सार्थकचं डोकं फिरलं. पडवीत येऊन पोत्याला असली लाथ घातली की शिवण उसवली. आवडी दाणे टिपायला लागली. कमरेतनं वाकून, पाठ सरळ. व्हिडिओतला माणूस घसा फोडून हेच शिकवत होता.

एका व्हिडिओत एकजण कमरेला दोर बांधून वजन ओढत होता. सार्थकनं पडवीत टेकवलेल्या फळीकडं बघितलं. चिखल सपाट करायची फळी, बैलांनी ओढायची. मायलेकांनी कुदळीनं खाचर फोडलं, पोरानं फळीचा दोर कमरेला बांधला, आन महिपती फळीवर उभा ऱ्हायला.

सार्थकनं आधीच बजावलं, "शेतासाठी नाय करत. निवड झाली की मी चाललो."

"जा की. अडवतंय कोण?" महिपती म्हणाला.

चिखलात टाच दाबायची, ती रुतेपर्यंत थांबायचं, मग कमरेतनं जोर लावायचा. टाच रुतली नाय तर माणूस तोंडावर. बांधाबांधावर लोकं उभी ऱ्हायली. बायका लावणी सोडून हसत होत्या. कुशाबा तेवढा हसला नाय. तो नुसता बघत होता. पाऊस फोडून काढत होता, आन सार्थक एकामागनं एक खाचर ओढत होता. मांड्या मागनं भरल्या, कंबर ताठ झाली. आवडी म्हणाली, चालणं बदललंय तुझं.

निवडीला हृतिकनं आपले बूट दिले. हॉलात मॅट. सार्थक आजवर मातीवर खेळलेला, मॅटवर पहिल्यांदाच. उजव्या कोपऱ्यात उभा केला. चढाईवाला पोरगा आला, सार्थकनं त्याची मांडी धरली, असली धरली की पोरगा कळवळला. मग सवयीनं सार्थकनं टाच दाबली, आन ती रुतायची वाट बघत थांबला.

मॅटमधे टाच रुतत नाय.

तेवढ्यात पोरगा निसटून रेषेपार गेला. दुसऱ्यालाबी तसंच. तिसऱ्याला सार्थकच बुडावर आपटला आन हॉल हसला. निवड करणारा माणूस वाईट नव्हता. जवळ घेऊन म्हणाला, "जोर आहे रे तुझ्यात. पाय उशिरा येतो." सार्थकनं त्याचा हात झिडकारला, बूट काढून हृतिकच्या अंगावर फेकले आन अनवाणीच महाडला एसटी धरली.

घरी आला तर पडवीत कुशाबा बसलेला. महिपतीनं त्याला चहा दिला होता. चंदूचा बैल लंगडा झालेला, कुशाबाची अर्धी खाचरं तशीच पडलेली. बोलणं होऊन गेलं होतं. कुशाबाच्या बैलाच्या जोडीला सार्थकनं यायचं. त्याचं झालं की तीच जोडी महिपतीच्या उरलेल्या खाचरांत. आज तुझं, उद्या माझं, पहिल्यासारखं.

"निवड झाली का रे?" महिपतीनं विचारलं. सार्थकनं अनवाणी पायांवर पाणी ओतलं. महिपतीनं परत विचारलं नाय.

कुशाबा उठला, सार्थकच्या मागं गेला, कमरेवर थाप मारली, मांडी मागनं दाबून बघितली. तेवढे दात बघायचे ऱ्हायले.

"मागनं चांगला भरलाय," तो महिपतीला म्हणाला.

सार्थक हात उगारून वळला. मधे आवडी उभी होती, हातात रोपाची जुडी. शेंडे पिवळे पडलेले. उगारलेला हात खाली आला.

सकाळी जुवाच्या एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला सार्थक. बैलानं एकदा वळून त्याच्याकडं बघितलं आन मान खाली घातली. मागनं कुशाबानं तोंडानं च्यक् केलं. सार्थकनं टाच दाबली.

इथं ती बरोबर रुतली.