मापाला आणलेले ससे

ससोबा हे नाव ऐकून कुणी गोबऱ्या गालांचं पोर डोळ्यांपुढे आणलं असेल, तर त्याला आधीच सांगून टाकतो. आमचा ससोबा चव्वेचाळीस वर्षांचा आहे, डोक्यावरचे केस विरळ झालेत, आणि एका हॉटेलच्या काउंटरवर उभा राहून तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसतो. हसण्याचाच पगार मिळतो म्हणा ना. दात एका ओळीत, स्वच्छ, टूथपेस्टच्या जाहिरातीत खपतील असे. ससोबा म्हणावं असं आता त्याच्यात काही उरलेलं नाही. ज्यांनी हे नाव ठेवलं ते त्याचे वडील, म्हणजे अण्णा, त्याच्याच घरात खालच्या खोलीत राहतात. पण गेल्या वीसेक वर्षांत त्यांनी हे नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही. ससोबाला ते लागून राहिलंय. विचारायची मात्र त्याची छाती होत नाही.

त्या शनिवारी त्याला सुट्टी होती. बायको नर्स, तिची दुपारची ड्युटी. नऊ वर्षांची लेक शाळेतून आली, दप्तर भिरकावलं आणि तोंडावर हात धरून म्हणाली, "बाईंनी मला नाटकात घेतलंय. ससा केलंय."

हे तोंडावर हात धरून बोलणं गेले काही महिने चाललं होतं. लागली असेल एखादी खोड, जाईल आपोआप, असं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं होतं. ससोबानं त्या हाताकडे बघितलंच नाही. त्यानं फक्त 'ससा' एवढंच ऐकलं आणि गडी एकदम हुरळून गेला.

"ससा? अगं, मग बस इथे! सशांचं मला विचार. मी सशांत वाढलोय!"

आणि जो सुरू झाला, तो थांबायचं नाव नाही.

घराच्या मागच्या बाजूला अण्णांची सुतारकामाची शेड होती. एकदा एक गिऱ्हाईक आलं. सशांसाठी पेटी करून द्या म्हणालं. अण्णांनी विचारलं, ससे केवढे आहेत? आता माणसानं हातानं दाखवावं ना, एवढे एवढे म्हणून. हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी टोपलीत घालून दोन ससेच घेऊन आला. "मापाला ठेवा," म्हणाला. शिंप्याकडे जुना सदरा ठेवतात तसे ससे ठेवून गेला, तो गेलाच. पेटी तयार झाली, आठवडे गेले, महिने गेले, गिऱ्हाइकाचा पत्ता नाही. अण्णा रोज म्हणायचे, दुसऱ्याची वस्तू आहे, जपायला हवी. तोवर त्या दुसऱ्याच्या वस्तूला पिल्लं झाली.

मोठा ससा राखाडी होता. भुशाच्या ढिगावर चढून तो सगळ्यांचं काम बघत बसायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम. दुसरी पांढरी, तिचं नाव पाहुणी, कारण ती केव्हाही परत जाणार होती. रंध्यातून लाकडाच्या कुरळ्या साली निघायच्या, त्यात दोघं गळ्यापर्यंत घुसून झोपायची. उचलली की अंगाला ओल्या लाकडाचा वास. ससोबा शाळेतून आला की कपडे न बदलता त्या सालींत जाऊन पडायचा आणि आई ओरडायची, "आता तिघांना एकदमच झटकते!" भाजीवाली कोबीची वरची पानं टाकून द्यायची, ती आई मागून आणायची. आमच्याकडे माणसं फार आहेत, असं सांगायची. सशांसाठी फुकट मागायला तिला लाज वाटे.

कुरतडण्यात तर मुकादमाचा हात कुणी धरला नसता. तयार स्टूल पोचवायच्या आदल्या दिवशी त्यानं एक पाय असा कुरतडला की अण्णांना चारही पाय त्याच्या मापानं कापावे लागले. गिऱ्हाईक म्हणालं, स्टूल बुटकं वाटतं हो. अण्णा म्हणाले, हल्ली असंच चालतं. आई दारात चहा घेऊन उभी होती, ती अशी हसली, की कप बशीत खडखडला.

आईचे पुढचे दोन दात मोठे होते. हसली की आधी तेच यायचे, मागून ती. ससोबाचे दुधाचे दात पडले आणि आले ते थेट तिचेच. त्या दिवशी अण्णांनी मुकादमाला आणि पोराला शेजारीशेजारी बसवून आळीपाळीनं बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि पोराचं नाव ससोबा ठेवून टाकलं. पुढे गल्लीत कुणी दातांवरून चिडवलं की ससोबाला राग यायचा नाही. त्याला वाटायचं, ही मुलं उगाच कौतुक करतायत.

कारण अण्णांच्या गोष्टी. संध्याकाळी काम संपलं की ते दगडावर पटाशीला धार लावायला बसायचे, आणि धार लागेपर्यंत गोष्ट सांगायचे. गोष्टीत एक ससा असायचा, तो जंगलातला सुतार. हत्यारं नाहीत, नुसते दोन दात. सगळ्या प्राण्यांना दारं करून द्यायचा. साळिंदराला दार हवं, पण आत शिरताना काटे अडकतात. जिराफाला दार नको, नुसती वरची खिडकी हवी. अस्वल दाराचं माप सांगून गेलं आणि हिवाळाभर खाऊन असं फुगलं की स्वतःच्याच घरात मावेना. मग काय! ससा दात परजून हजर. "दातच नसते तर सगळं जंगल उघड्यावर पडलं असतं," असं अण्णा दर वेळी म्हणायचे आणि आई म्हणायची, "बघा, सुतार स्वतःलाच कसा चढवून ठेवतो."

पटाशीला धार लागली की गोष्ट तिथल्या तिथे बंद. अस्वल दारात अडकलेलं असलं तरी बंद. अंगठ्यानं धार बघायची, हत्यार पेटीत, चला जेवायला. ससोबानं त्यावर शक्कल काढली. दुपारी अण्णा डोळा लावून पडले की हा गुपचूप पटाश्या घेऊन अंगणातल्या फरशीवर घासून बोथट करून ठेवायचा. जितकी पटाशी बोथट तितकी गोष्ट लांब. अण्णा संध्याकाळी पटाशी हातात घेऊन म्हणायचे, "कमाल आहे बुवा, हल्ली लोखंडात दमच राहिला नाही," आणि पुन्हा दगडावर पाणी शिंपडायचे. त्यांना सगळं कळत होतं. तरी पटाश्यांना कुलूप काही त्यांनी लावलं नाही.

हे सगळं ससोबानं लेकीला सांगितलं. अस्वलासारखं दारात अडकून दाखवलं, मुकादमासारखं नाक उडवून दाखवलं. इतका मोकळा तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. जुन्या दिवसांनी त्याचा ऊर अगदी भरून आला होता.

लेक ऐकत होती. हात तोंडावरच होता.

"मला ससा का केलं माहितीये?" ती म्हणाली. "मुलं म्हणाली, हिला मुखवटासुद्धा लागणार नाही. सगळा वर्ग हसला. बाईपण हसल्या."

"अगं, मलापण म्हणायचे की! मी तर—"

"तुझे दात सरळ आहेत, बाबा. तुला काय कळणार?"

"आत्ता आहेत सरळ. तेव्हा—"

"तू करून घेतलेस ना? मग ससा एवढा चांगला होता, तर करून कशाला घेतलेस?"

 करून घेतले होते हे खरंच होतं. तेविसाव्या वर्षी हॉटेलात नोकरी लागली तेव्हा साहेब म्हणाले होते, काम चांगलं आहे, जरा हसण्याचं बघा. मग त्यानं डॉक्टरकडून पुढचे दोन दात घासून लहान करून घेतले, वर्षभर तारा लावल्या. आई त्याच्या आधीच गेली होती. तारा निघाल्या त्या दिवशी तो हौसेनं शेडमध्ये गेला आणि अण्णांसमोर हसून दाखवलं. अण्णांनी बघितलं. "छान. स्वच्छ दिसतात," म्हणाले आणि रंधा उचलला. ससोबा हे नाव त्या दिवसापासून बंद झालं.

"सोमवारी मी शाळेत जाणार नाही," लेक म्हणाली. "आणि नाटकात तर मुळीच नाही." पाय आपटत ती जिना उतरून अण्णांच्या खोलीत गेली.

 ससोबाही मागोमाग खाली गेला, पण खोलीत शिरायचा धीर झाला नाही. दार अर्धवट उघडं होतं, तिथेच उभा राहिला. स्वतःच्याच घरात चोरासारखा.

"आजोबा, मला दातांना तारा लावायच्यात," लेक आत सांगत होती. "बाबाला सांगा."

"सांगतो की. आधी जरा इकडे बघ."

अण्णांनी तोंडातून कवळी काढली आणि तळहातावर ठेवली.

या कवळीवरून घरात महाभारत झालं होतं. दोन वर्षांपूर्वी अण्णांचे सगळे दात काढावे लागले. कवळी आली ती अशी, की पुढचे दोन दात भलेमोठे आणि ओठांच्या बाहेर. अण्णांचं तोंड धड मिटेना. ससोबा भडकला. "म्हातारा माणूस बघून फसवलंय तुम्हाला! चला, मी येतो, त्याला दाखवतोच!" अण्णा म्हणाले, राहू दे, सवय होईल. आग्रह केला की खोलीत निघून जायचे. शेवटी सगळ्यांनी हात टेकले. कवळीवाल्यानं घाण केली, म्हातारा भिडेपायी काही बोलला नाही, अशी घरात समजूत होऊन बसली.

अण्णा काहीतरी म्हणाले. बिनदातांनी नुसतीच हवा आली. लेक म्हणाली, "आधी घाला ती!" त्यांनी कवळी बसवली, जीभ फिरवून जागेवर आणली.

"कवळीवाल्याचं काही चुकलेलं नाही. पहिली त्यानं सरळच केली होती. मी परत केली."

"का?"

"माझे स्वतःचे दात सरळ होते गं, जन्मभर. पण ते काढले त्याच महिन्यात तुझे पुढचे दोन आले. मी घरात बघितलं. बाबाचे सरळ, आईचे सरळ, माझेही सरळ येणार. म्हटलं, एवढ्या सरळ दातांच्या घरात हे पोर एकटं पडेल. मग त्याला म्हटलं, पुढचे दोन चांगले मोठे कर आणि जरा बाहेर काढ. तो म्हणाला, आजोबा, लोक माझ्या दुकानाला नावं ठेवतील. म्हटलं, ठेवू देत. मी तरी कुठे कुणाला सांगणारय."

लेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"टोचतात का?"

"टोचतात तर. काकडी खाता येत नाही."

"मग?"

"मग काय, काकडी खात नाही."

ती पुढे सरकली. दोन बोटांनी तिनं त्यांचा वरचा ओठ उचलला, नीट बघितलं, मग आपल्या दातांवर बोट फिरवलं. "माझे मोठेयत," ती म्हणाली.

"हॅट! माझे मोठे. चांगले सांगून करून घेतलेत."

"खोटं! मोजा!"

खिडकीवर पट्टी होती. दोघांनी एकमेकांच्या दातांना लावून बघितली. पट्टी तोंडात असताना अण्णा काहीतरी बोलायला गेले, कवळी सुटली आणि पट्टीवर लटकली. लेक अशी खिदळली की जमिनीवरच बसली. दोन्ही हात पोटावर होते. दारातून ससोबाला तिचे दात दिसले. किती महिन्यांनी दिसले, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"तारा लावायच्या तर लावू हं," अण्णा कवळी बसवत म्हणाले. "मोठी झालीस की तू ठरव, मी नाही म्हणणार नाही. तोवर मी आहे सोबतीला."

तिनं विचार केला. "नाटकात सशाला दोनच वाक्यं आहेत," ती म्हणाली. "बाईंना सांगते सोमवारी, वाढवून द्या. आजोबा, ससा बोलतो कसा?"

"जोरात," अण्णा म्हणाले.

ती उठली आणि दारात उभ्या असलेल्या बापाच्या बगलेखालून वर पळाली. तेव्हा कुठे अण्णांना तो दिसला.

ससोबा आत येऊन पलंगाच्या कडेला बसला. 

"मला का नाही सांगितलंत, अण्णा?"

"तुला काय सांगणार? तू तर कवळीवाल्याला झोडपायला निघाला होतास."

ससोबा हसला, पण डोळे भरून आले. मग त्यानं ते विचारलंच. वीस वर्षं मनात राहिलेलं. "मी दात करून घेतले तेव्हा तुम्ही रागावला होतात ना?"

"रागवायचं काय त्यात? तुला नोकरी करायची होती. चांगलंच केलंस." अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. "तुझी आई गेल्यावर तू जेवायला समोर बसलास, की हसताना ती दिसायची मला. मग दिसेनाशी झाली. ससोबा म्हणायला जीभ उचलायची नाही, एवढंच."

 ससोबानं बापाचा हात हातात घेतला. वर पोरगी सशाचं वाक्य मोठमोठ्यानं म्हणत होती, मध्येच चुकत होती आणि स्वतःच्याच चुकीला खळखळून हसत होती.

"ऐक," अण्णा म्हणाले. "आहे ती घरात."

दोघं बापलेक मान वर करून ऐकत बसले.