बंबाभोवती जमलेले डॉक्टर

मित्रांनो, पोटात निखारे आणि भोवती पाणी घेऊन जगलेला तांब्याचा जुना बंब आहे मी. साताऱ्यातल्या एका वैद्यकीय शाळेच्या वसतिगृहात माझी नोकरी होती. थंडीत मुलं खांद्यावर पंचे टाकून माझ्याभोवती हाडांची नावं घोकायची. किती लाड व्हायचे माझे! पुढे नवा बंब आला आणि मी अडगळीत गेलो. त्याच शाळेत शिकलेल्या गंगाधर डॉक्टरांनी मला मागून घेतलं आणि कुंडलजवळच्या आपल्या दवाखान्यात आणलं.

१९४५च्या उन्हाळ्यात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. डॉक्टर एकटे पडले. त्यांनी साताऱ्याच्या शाळेकडे मदत मागितली. प्रिन्सिपॉलसाहेबांचा निरोप आला, "शाळेच्या समितीची परवानगी मिळेपर्यंत थांबा."

"आवं डागदर, तवर माजी सून ऱ्हाईल का?" गावातल्या बयाबाईंनी विचारलं. त्यांची सून आत दवाखान्यात निपचित पडली होती.

डॉक्टरांनी शेजारच्या जोतीरामला कराड-सांगलीला पिटाळलं. "आपल्या शाळेचे जे जुने विद्यार्थी भेटतील, त्यांना सांग. परवानगी नको, माणसं हवीत!"

आणि काय सांगू मित्रांनो, दोनच दिवसांत माणसं आली! कराडहून डॉक्टर केरबा सायकल मारत आले. सांगलीहून डॉक्टर प्रमोदिनीबाई सलाईनच्या बाटल्या मांडीवर सांभाळत बैलगाडीतून उतरल्या. मागोमाग आणखी किती जण!

"आरं, ह्यो तर आपला बंब!" केरबा ओरडले, प्रेमानं माझ्यावर थाप मारली आणि हात पोळून घेतला. त्या दवाखान्यात कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. मग मी पेटलो तो विझलोच नाही. आजाऱ्यांचं सगळं पाणी माझ्यात उकळलं. बयाबाईंची सून उठून बसली आणि तिनं पेज मागितली, तेव्हा माझी वाफ आनंदानं नुसती शीळ घालत होती.

साथ ओसरल्यावर सगळे अंगणात बसले. प्रिन्सिपॉलसाहेबही आले. "शाब्बास! आता माजी विद्यार्थ्यांचा संघ काढा. शाळेच्या हाताखाली, म्हणजे शिस्त राहील."

प्रमोदिनीबाई उठल्या. "सर, शाळेबद्दल आदर आहेच. पण संघ आमचा आम्ही चालवू. पुन्हा साथ आली, तर थांबायचं नाही."

"आन् आपल्यातला कुणीबी एकटा पडायचा न्हाई," केरबा म्हणाले.

भराभर हात वर झाले. साहेबांनी टोपी काढली. "मला सभासद करून घ्याल? मीही त्याच शाळेचा विद्यार्थी आहे." टाळ्यांनी अंगण दणाणलं!

मित्रांनो, शाळा सुटली तरी एकमेकांना सोडू नका. आणि काळं पडलेलं भांडं मोडीत घालण्याआधी एकदा चिंच लावून घासून बघा.