तेरावी कादंबरी

“तेरावी आली का, अमृतराव?”

सोमवारी मी वाचनालयाचं कुलूप काढायच्या आत महादेवप्पा पायरीवर हजर. लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तीस वर्षं मापाडी होते. एकाच लेखकाच्या सोळा कादंबऱ्या, त्या छापून आल्या त्याच क्रमानं वाचायच्या, हा त्यांचा हट्ट. बारा झाल्या होत्या. तेरावी चार महिने एका साहेबाच्या बंगल्यावर, बाईसाहेबांकडे, अडकली होती.

“चौदावी न्या की, आप्पा. कोण बघतंय?”

“धान मापताना मधलं सोडून पुढचं म्हणत्यात व्हय? पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणलं की मग एकामागं एकच. चुकलं तर रास मोडून पुन्हा मापायची.” मग आवाज खाली आला. “डोळा दगा द्यायलाय, अमृतराव. डॉक्टर म्हणला, दिवाळीपतूर दिसंल. बंगल्यावर जाऊन मागून आणा ना.”

आणतो म्हणालो. गेलो नाही. लातूर नुकता जिल्हा झाला होता, दुष्काळ होता, आणि आमच्या गल्लीत टँकर कधी यायचा ते त्याच बंगल्यावर ठरायचं. बाईसाहेबांकडे पुस्तक मागून घरातल्या सहा जणांचं पाणी कोण तोडून घेणार? मी तर नाही, बुवा.

दिवाळी झाली. महादेवप्पा सुनेचा, शरणम्माचा, हात धरून आले. माझ्याऐवजी कपाटाकडे बघत म्हणाले, “आली का?”

“दिसतंय का, आप्पा?”

“दिसतंय की! जरा दमानं वाचावं लागतंय.”

दर सोमवारच्या त्या प्रश्नानं मी पुरता वैतागलो होतो. कुक्कुटपालनाचं एक जाड पुस्तक उचललं आणि त्यांच्या हातात ठेवलं. “घ्या, आली एकदाची.” त्यांनी ते कपाळाला लावलं.

पुढच्या सोमवारी परत घेऊन आले. “लई झकास! शेवटाला जीव गलबलला बघा.”

तेवढ्यात बंगल्यावरच्या शिपायानं न बोलता टेबलावर एक पुस्तक टाकलं आणि तो गेला. तेरावी! वर माठाचा गोल ओला डाग, आतली पानं करकरीत, कुणी न उलटलेली.

“काय आलं?” महादेवप्पांनी विचारलं.

“काही नाही. टपाल.” मी ती खणात सारली आणि चौदावी त्यांच्या हातात दिली. लाज वाटली, पण खण उघडला नाही.

ते काठी चाचपत दाराकडे वळले. शरणम्मा टेबलाशी थांबली.

“मला वाचता येत न्हाई, भाऊ,” ती हळूच म्हणाली. “पर कोंबड्यांची चित्रं दिसत्यात. रोज खिडकीत बसून पानं उलटत हुते. म्या बोलले न्हाई. ही तरी खरी हाय का?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. तिनं पदर सारखा केला आणि जाऊन सासऱ्याचा हात धरला.

पायऱ्या उतरता उतरता महादेवप्पा तिला तेराव्या कादंबरीची गोष्ट सांगत होते, आणि ती हुंकार देत होती.