नाकोजीची रम

नाकोजी हे त्याचं खरं नाव नव्हे. बारमधल्या मंडळींनी कौतुकानं ठेवलेलं. बाटलीचं बूच निघालं की काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून तो सांगायचा की ही रम लाकडी पिंपात नीट मुरलेली आहे की नुसता रंग घालून सजवलेली. संत्र्याच्या पेटीत एक जरी फळ आतून खराब असलं तरी पेटी दारातून आत येण्याआधी तो म्हणायचा, परत पाठवा. नाक ही त्याची पोटापाण्याची विद्या होती, आणि ती त्याला कुणी शिकवलेली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. साधाच, अंग मोडून काढणारा. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण जाताना ताप त्याचं नाक घेऊन गेला. सकाळी कॉफीचा कप तोंडाशी नेला तेव्हा त्याला वाटलं, बायको पावडर घालायला विसरली. मग वाटलं, सर्दी असेल. सर्दी कधीच गेली आणि वास काही परतला नाही. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं, आतली नस दुखावली आहे म्हणाले. येईल परत कदाचित, कदाचित नाही, वाट पाहायची. औषध काही नाही.

त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. बायकोला सांगितलं की ती तिच्या आईला सांगणार, आणि सासूबाईंना कळलं की अख्ख्या इमारतीला कळणार, असं तो स्वतःला समजावत होता. खरी भीती वेगळी होती. तोंडातून शब्द बाहेर पडला की ते खरं होऊन बसेल, असं त्याला वाटत होतं.

जिभेला गोड, आंबट, कडू, खारट एवढंच कळायचं. बाकी सगळी रम म्हणजे घशाला चटका देणारं पाणी. कामावर त्यानं मापाचा आधार घेतला. इतकी वर्षं हात ज्या सवयीनं चालला होता त्याच सवयीवर तो ग्लास भरत राहिला आणि गिऱ्हाइकाचा पहिला घोट होईपर्यंत जीव मुठीत धरून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. गिऱ्हाईक हसलं की त्याला श्वास यायचा.

असं किती दिवस चालणार. एका संध्याकाळी लिंबाचा पाक आंबून गेला होता आणि त्यानं तो एका मोठ्या टेबलाच्या सगळ्या ग्लासांत घातला. एका बाईनं घोट घेऊन तोंडावर रुमाल धरला. मालकानं ग्लास हुंगला आणि मोरीत ओतला. ओरडला असता तर बरं झालं असतं. गर्दी ओसरल्यावर त्यानं नाकोजीला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की हल्ली तुझं कामात लक्ष नाही. पेयांची नवीन यादी करायची आहे. व्हिस्कीचं ओल्ड फॅशन्ड गल्लीगल्लीत मिळतं, मला ते रमचं हवंय, आणि लोकांनी त्यासाठी इथं यावं असं हवंय. सोमवारी बार उघडायच्या आत करून दाखव. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. तो दुसरा माणूस मालकानं आधीच बघून ठेवलाय, हे सगळ्या बारला माहीत होतं.

ओल्ड फॅशन्ड म्हणजे काही अवघड प्रकरण नाही. दारू, थोडा साखरेचा पाक, कडू अर्काचे दोन-चार थेंब, बर्फाचा एक मोठा खडा, वरून संत्र्याची साल. पण जिनसा जितक्या कमी तितकी चूक उघडी पडते. व्हिस्की कोरडी असते, ती साखर सोसते. रमच्या अंगातच गोडवा असतो, आणि प्रत्येक रमचा वेगळा. तो मोजायला नाक लागतं.

सुट्टीच्या दुपारी तो दोन प्रकारच्या रम, एक कोवळी पांढरी आणि एक जून काळी, घेऊन घरच्या स्वयंपाकघरात शिरला. बायको कामावर होती, चपलांच्या दुकानात. सासूबाई बाहेर खोलीत शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. त्या पोस्टातून निवृत्त झाल्यापासून यांच्याकडेच राहत. दारूचा वास त्यांना खपत नसे. जावयाच्या धंद्याबद्दल कुणी विचारलं तर "हॉटेलात असतात" एवढंच सांगत. म्हणून त्यानं स्वयंपाकघराचं दार लावलं, वास जिन्यात जाऊ नये म्हणून खिडकीही बंद केली.

पहिला ग्लास केला. घोट घेतला. गोड, जळजळीत, शेवटी कडू. चांगला की वाईट, कळेना. पाक कमी करून दुसरा केला. कमी गोड, तितकाच जळजळीत. तिसऱ्यात दोन्ही रम मिसळल्या. एखाद्यानं डोळे बांधून भिंतीला रंग द्यावा तसं चाललं होतं. त्यानं बाटलीच्या तोंडाला नाक लावून इतका जोरात श्वास ओढला की डोळ्यांतून पाणी आलं, पण आत काही उमटलं नाही. मग त्याला वेडच लागलं. व्हिनेगर हुंगलं, लवंगा हुंगल्या, धुण्याची पावडर हुंगली, भांडी घासायच्या चिंधीतही नाक खुपसलं. सगळं एकच. काचेला नाक लावल्यासारखं. लवंगेचा वास कसा असतो हे त्यानं आठवून पाहिलं, आणि तेही नीट आठवेना. तो ओट्याला धरून उभा राहिला.

पाक संपला होता. त्यानं तपकिरी साखर पाण्यात घालून शेगडीवर ठेवली, गॅस मोठा केला आणि पाठ फिरवून खिडकीशी संत्रं सोलायला घेतलं. सालीवर काडी पेटवून धरली की तिच्यातलं तेल क्षणभर भडकतं आणि ग्लासावर एक जळका सुवास बसतो. मालकाला असलं काही आवडायचं. नाक नाही तर निदान दिखावा तरी, असा त्याचा हिशेब. मागे पाक उतू गेला, बर्नरवर सांडला आणि ज्योत विझली. गॅस मात्र चालूच राहिला. साल त्याला हवी तशी रुंद निघेना. दोन संत्री वाया गेली. तिसऱ्याची मनासारखी निघाली तेव्हा त्यानं ती डाव्या हातात धरली, काडेपेटी उघडली आणि काडी पेटीच्या कडेला टेकवली.

दार धाडकन उघडलं. सासूबाईंनी दारालगतच्या ओट्यावरचं वितळलेल्या बर्फाचं भांडं उचललं आणि सगळं पाणी त्याच्या हातांवर फेकलं. काडेपेटी भिजून लादीवर पडली. त्यांनी पदर नाकाला लावून गॅसची कळ बंद केली, त्याला ढकलून खिडकी उघडली आणि दंडाला धरून बाहेर ओढत नेलं.

"दिव्याच्या बटणाला हात लावू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

दोघं जिन्यात पायरीवर बसली. सासूबाईंचे गुडघे थरथरत होते आणि त्या ते हातांनी दाबून धरत होत्या. त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. मग त्यांनी विचारलं,

"मला बाहेर बसून वास आला. तुम्ही आत उभे होतात. तुम्हाला नाही आला?"

"नाही."

"सर्दी आहे का?"

"नाही, आई. मला कशाचाच वास येत नाही. त्या तापापासून."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पोस्टात असताना कुणी चुकीचं तिकीट लावून पाकीट दिलं तरी रांगेसमोर पाणउतारा करणारी ही बाई. आज त्यांनी पदरात धरून त्याच्या बाह्या पिळल्या आणि उठून आत गेल्या, खिडक्या उघडायला.

संध्याकाळी बायको आली. आईनं तिला फोनवर आधीच सगळं सांगितलं होतं. ती गॅसवरून रागावेल असं त्याला वाटलं होतं, ती वेगळ्याच गोष्टीवर रागावली. चपला न काढताच ती दारात उभी राहिली.

"मी रोज विचारत होते, भाजी कशी झालीय. आणि तुम्ही रोज छान म्हणत होता."

ती आत जाऊन पलंगावर बसली. झोपताना मात्र तिनं पाठ न फिरवता विचारलं की माझाही वास येत नाही का. तो नाही म्हणाला, आणि मग ती रडली. तोही रडला. सुटका झाल्यासारखं काही वाटलं नाही. उलट आता घरातल्या तिघांनाही वास परत न येण्याची भीती वाटू लागली, एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी तो बाटल्या पिशवीत भरून कपाटात ठेवत होता, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात स्टूल घेऊन आल्या. काढा त्या बाहेर, म्हणाल्या. पिणार नाही, नुसती हुंगेन. इतकी वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून सगळ्या गावाचे वास नाकात घेतलेत, त्यात तुमची दारू काय जड आहे.

त्यानं पहिला ग्लास पुढे केला. त्यांनी नाक मुरडलं.

"पार्सलवर लावायची लाख असते ना, तापवलेली. तसा."

लाख. त्यानं डोळे मिटले. तापवलेली लाख म्हणजे दारूचा भपकाच वर आलाय, जून काळी रम कमी पडतेय. त्यानं माप बदललं. आता ओल्या गोणपाटासारखा येतोय, म्हणाल्या. म्हणजे काळी रम फार झाली. बायको दुकानातून आली तेव्हा चवीसाठी तिलाही बसवलं. तिनं घोट घेऊन तोंड वेडंवाकडं केलं आणि सांगितलं की गोड आधी येतंय आणि मग सगळं संपतंय, मागे काही राहत नाही. त्यानं पाक निम्मा केला आणि कडू अर्काचा एक थेंब वाढवला. काडी पेटवायचा विषय कुणी काढला नाही. साल नुसती ग्लासावर पिळली.

दोन-तीन दिवस असं चाललं. तिघांची भांडणंही झाली. सासूबाईंचं म्हणणं, नव्या लाकडासारखा वास चांगला, बायकोचं म्हणणं, सुतारकामाच्या दुकानात बसून पितोय असं कशाला वाटायला हवं. अखेर रविवारी दुपारी सासूबाईंनी ग्लास नाकाशी धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग म्हणाल्या की शेजारच्या खोलीत कुणीतरी संत्रं सोलतंय आणि या खोलीत जुनं कपाट उघडलंय, असं वाटतंय. बायकोनं घोट घेतला आणि न विचारता दुसराही घेतला.

नाकोजीनं तो ग्लास हातात घेतला. आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं पेय बहुधा त्याच्या हातात होतं. त्यानं घोट घेतला. घशाला चटका बसला. बाकी काही नाही.

सोमवारी सकाळी बारमधल्या खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. मालक काउंटरच्या पलीकडे बसला. नाकोजीनं मापं ओतली, बर्फ टाकला, चमच्यानं ढवळलं, साल पिळली. मालकानं घोट घेतला, ग्लास उजेडात धरला, आणखी एक घोट घेतला. त्याच्या कपाळावरची आठी गेली.

"हे झालं," तो म्हणाला. "हे यादीत वरती घालू. कुठं होतास रे इतके दिवस?"

नाकोजीच्या छातीवरचं ओझं उतरलं. मालक खुशीत होता. त्यानं आतून एक बरणी आणून पुढे सरकवली. लिंबाचा पाक, काल केलेला. जरा बघ, वापरायचा की टाकायचा.

नाकोजीनं सवयीनं झाकण काढलं आणि बरणी नाकाशी नेली. नुसती मान हलवली असती तरी काम भागलं असतं. बरणी बहुधा ठीकच होती. पण त्याच्या डोळ्यांसमोर काडेपेटीच्या कडेला टेकलेली ती काडी आली, आणि सासूबाईंचे थरथरणारे गुडघे. उद्या दुसरी बरणी येईल, परवा तिसरी.

"मला कळत नाही," तो म्हणाला. "मला वास येत नाही, मालक. हे पेय माझ्या सासूनं आणि बायकोनं हुंगून-चाखून केलंय."

मालक आधी हसला. मग त्याचा चेहरा पाहून थांबला. बरणी त्यानं स्वतः हुंगली आणि झाकण लावून बाजूला ठेवली.

"म्हणजे त्या दिवशी त्या टेबलावर..."

"हो."

मालक वाईट माणूस नव्हता, आणि तेच जास्त अवघड होतं. तो शिव्या देऊ शकला असता. त्याऐवजी त्यानं ग्लासातलं शेवटपर्यंत संपवलं, ओठ पुसले आणि सांगितलं की काउंटर तुझ्याकडे ठेवता येणार नाही. हे तूही जाणतोस. कोठीत माणूस हवाय, पेट्या उतरवून घ्यायला. बघ, जमत असेल तर ये.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, आवडलं का. आवडलं, म्हणाला. मग चेहरा का असा, म्हणाल्या. त्यानं चपला काढल्या आणि सांगितलं. संध्याकाळी त्यांनी मुलीला स्पष्टच सांगितलं की पुढच्या वेळी खोटं बोला म्हणावं, आणि मग स्वतःच म्हणाल्या, नको, नको म्हणावं.

तो कोठीत जाऊ लागला. पेट्या उतरवायच्या, थंड खोलीचं दार नीट लागलं का बघायचं. काउंटरवर नवा माणूस आला होता, हसतमुख, कामाला चपळ. रमचं पेय चांगलं चाललं होतं. आठवड्याभरानं एकदा नाकोजी बर्फाची पेटी घेऊन आत आला तेव्हा नवा माणूस तेच ढवळत होता. ग्लासात बर्फ कसा वाजतोय ते नाकोजीच्या कानावर आलं आणि तो थबकला. फार वेळ ढवळतोय, पाणी होणार. पेटी हातात धरून तो उभा राहिला. बोटं गारठत होती.

"बास," तो म्हणाला. "आता थांब."

नवा माणूस थांबला. त्यानं चमच्यानं थेंबभर चाखून पाहिलं, मान हलवली आणि ग्लास ट्रेवर ठेवला. नाकोजीनं बर्फ काउंटरखालच्या कप्प्यात रिकामा केला आणि दुसरी पेटी आणायला मागे वळला.