एकच शिंक

हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या बाळकृष्णशेठच्या कापडदुकानात महादेव नावाचा एक नोकर होता. त्याला शिंका यायच्या, आणि त्या यायच्या नेमक्या लग्नसराईत. होळी जवळ आली, करंज फुलला, मोकळ्या जागेतलं काँग्रेस गवत पांढरं झालं, की त्याच्या नाकात मुंग्यांचं वारूळ फुटायचं. डोळे लाल, टाळूला खाज, आणि एकामागून एक शिंका. दोन पाऊस पडून गेले की हाच महादेव पुन्हा चारचौघांसारखा व्हायचा.

कापडाच्या दुकानात शिंक म्हणजे मांजर आडवं गेल्यासारखं. एखादी बाई साडी खांद्यावर टाकून "हीच द्या" म्हणायच्या बेतात असायची, तेवढ्यात शिंक झाली की साडी गादीवर परत. म्हणून दर फाल्गुनात शेठ त्याला माळ्यावर धाडायचे. तिथं जुन्या ताग्यांची धूळ. शिंका दुप्पट व्हायच्या, पण खाली कमी ऐकू यायच्या. शेठ त्याला "शिंक्या" म्हणायचे. महादेवची तक्रार नव्हती. अळणावरकडच्या खेड्यात बाप दुसऱ्याच्या रानात राबून गेला, त्यामानानं सावलीतलं काम मिळालं हेच त्याला मोठं वाटे.

एका वर्षी नवलगुंदकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली. सकाळपासून साड्यांचे ढीग उपसून झाले, चहा झाला, आणि मग त्यांच्यातली म्हातारी उठली. समोरच्या दुकानात जरा बघून येतो म्हणाली. बघून येतो म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे शेठना सांगायला नको होतं. सगळ्यांनी चपला घातल्या, आणि माळ्यावरून शिंक आली. खणखणीत, एकच. पुढची महादेवनं तोंडात फडकं कोंबून दाबली होती.

म्हातारी उंबऱ्यावरच थबकली. "कूडरी," बसा सगळे, असं ती कानडीत म्हणाली, आणि आपणच आधी बसली. निघताना शिंक झाली, आता पाऊल कसं टाकायचं? मंडळी गादीवर टेकली, पाणी प्याली, आणि बसल्या बसल्या पुन्हा साड्या चाळवू लागली. बस्ता तिथंच बांधला गेला.

दुसऱ्या दिवशी महादेव माळ्यावरून खाली आला. दाराशी, चपलांच्या जवळ, त्याला स्टूल मिळालं. शेठ त्याला "महादेवअण्णा" म्हणू लागले.

काम दिसायला सोपं होतं. गिऱ्हाईक न घेता उठलं आणि शेठनी कानावरची पेन्सिल काढली, की शिंकायचं. पण शकुनाचेही कायदे असतात. सर्दी झालेल्या माणसाची शिंक धरत नाहीत, तपकिरीची तर नाहीच. म्हणून महादेव आजारी दिसता कामा नये. तोंड धुऊन पावडर लावायची, हातात रुमाल धरायचा नाही, नाक ओढायचं नाही. आणि शिंक एकच हवी. लागोपाठ दुसरी आली की पहिलीचा दोष फिटतो, वाट मोकळी होते. महादेवच्या शिंका तर आगगाडीच्या डब्यांसारख्या यायच्या. पहिली सोडायची आणि मागचे सगळे डबे छातीत थोपवायचे. कधी नाक कोरडं राहू नये म्हणून स्टुलाखाली फुललेल्या गवताची ताजी जुडी ठेवलेली असे.

सोबतचा राघवेंद्र म्हणायचा, "शेठनी दाराला कडी बसवली. नाकाची." सगळे हसायचे, महादेवही हसायचा. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्याला आवडलंच. इतक्या वर्षांत त्याच्यामुळं दुकानाचं काही अडलं नव्हतं, की काही झालंही नव्हतं.

पण गिळलेल्या शिंका कुठं जाणार? कानात गुणगुण सुरू झाली. छाती शिटी वाजवू लागली. तो भिंतीला टेकून, बसूनच झोपू लागला. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी त्याहून वाईट. तेव्हा बायको गोदावरी त्याला धरून केशवापूरच्या नाक-घशाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. मुलगी अनिताही बरोबर होती. तिनं बापाचंच नाक घेतलं होतं. बारावी होऊन घरात बसली होती, आणि चैत्रात तिचेही डोळे सुजायचे. डॉक्टरांनी दोघांना तपासलं, धुळीपासून आणि त्या गवतापासून लांब राहा म्हणाले, आणि दोघांना गोळ्या आणि नाकात मारायचा फवारा लिहून दिला.

आठवड्याभरात महादेवला कळलं, श्वास घेणं हे काम नसतं. तो आडवा झोपला. सकाळी तोंड मिटलेलं ठेवून जागा झाला. गोदावरी फोडणी टाकत होती आणि मोहरीनंतर हिंग पडला हे त्याला अंथरुणातून कळलं. तो नुसता पडून राहिला, नाकानं हवा आत घेत आणि बाहेर सोडत, जत्रेत पहिल्यांदा पाळण्यात बसलेल्या पोरासारखा. शेजारी अनिता बापाकडं बघून हसत होती.

दुकानात मात्र पेन्सिल निघाली आणि दारातून काही आलं नाही. गिऱ्हाईक गेलं. दुसरंही गेलं. शेठनी वाकून स्टुलाखालची जुडी बघितली, मग महादेवचं तोंड बघितलं. काय रे, असं विचारलं. महादेवनं भाबडेपणानं सगळं सांगितलं. शेठना आनंद होईल असं त्याला खरंच वाटलं होतं.

आनंद झालाही. बरं झालं की, म्हणाले. गोळ्या बघू म्हणाले. महादेवनं खिशातून काढून दिल्या, फवाराही दिला. शेठनी त्या उलटसुलट करून बघितल्या आणि गल्ल्यात टाकल्या. "हंगाम संपला की घेऊन जा."

आधी महादेवला आपल्याजवळ काय नाही ते माहीत नव्हतं. आता होतं. चौथ्या दिवशी एका भरल्या गादीसमोर त्याला उबळ आली, ती थोपेना. शिंका, मग खोकला, मग नुसती शिटी. तो स्टुलावरून खाली आला आणि चपलांच्या ढिगात ओठ निळे करून पडला. गिऱ्हाईक बायका पदर नाकाला लावून उठल्या. हा शकुन नव्हे, हा रोग आहे, असं म्हणत गेल्या.

संध्याकाळी शेठनी त्याला जवळ बसवलं. आवाज चढवला नाही. हे नाक आता दुकानाच्या उपयोगाचं राहिलं नाही, त्यानं गावाकडं जावं, रानात अजून माणसं लागतात, असं म्हणाले. महादेवच्या डोळ्यांपुढं गावाकडचं रान आलं. बांधाबांधावर कमरेएवढं वाढलेलं ते गवत, आणि त्यात वाकलेला तो. गोळ्या विकत घेणं आता कुठलं.

शेठनीच विचारलं, जवळजवळ मायेनं. "घरात आणि कुणाला आहे का रे, तुझ्यासारखं?"

कुणी मारहाण केली नव्हती, की धमकी दिली नव्हती. नाही म्हणायला त्याला पुरेसा वेळ होता.

"अनिताला आहे," महादेव म्हणाला.

शेठनी गल्ला उघडून त्याच्या गोळ्या परत दिल्या. त्याला आतल्या गादीवर घड्या घालायचं काम देऊ म्हणाले.

घरी त्यानं सांगितलं तेव्हा गोदावरी भाकरी थापत होती. ती थांबली. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे हिची गोळी बंद?"

"हंगामापुरती," महादेव म्हणाला. बायकांच्या दुकानात मुलगी शोभून दिसते, साडी मिळेल, शेठ स्वतः म्हणालेत, असंही तो बरंच काही बोलत राहिला. अनिता दारात उभी होती. तिनं आईकडं बघितलं, बापाकडं नाही.

गोदावरीनं पिठाच्या हातानंच फळीवरून मुलीच्या गोळ्या काढल्या आणि नवऱ्यापुढं ठेवल्या. "मग ह्या पण तुम्हीच घ्या."

त्यानं त्या घेतल्या. वाया घालवून काय करायचं, असं तो मनाशी म्हणाला.

अक्षय्यतृतीयेच्या आधी हुबळीत पाय ठेवायला जागा नव्हती. अनिता स्टुलावर बसली होती. मोतिया रंगाची साडी, केसांत गजरा, तोंडाला पावडर. आत महादेव घड्या घालत होता. छाती मोकळी, नाक मोकळं. एक कुटुंब न घेता उठलं, दारापर्यंत गेलं, आणि अनिता शिंकली.

एकच. दुसरी तिनं कशी गिळली हे त्या दुकानात एकाच माणसाला कळलं असेल. तिच्या गळ्याची शीर उभी राहिली, डोळ्यांत पाणी भरलं, आणि ती हसत राहिली.

त्या घरातली आजी चतुर होती. ती बसली नाही. मुलीच्या तोंडाकडं निरखून बघू लागली, आणि मग आत वळून समोर दिसलेल्या महादेवलाच विचारलं, सर्दी झालीय का हो हिला?

शेठ महादेवकडं बघू लागले. अनितानंही मान वळवली. खूप दिवसांनी ती बापाकडं बघत होती.

"नाही हो आजी," महादेव म्हणाला. "ठणठणीत आहे. माझीच मुलगी ती. मला नाही का माहीत?"

आजीचं समाधान झालं. बाप कशाला खोटं बोलेल? तिनं सुनांना खुणेनं बोलावलं, चपला काढल्या, आणि गादीवर मांडी घालून बसली. महादेवनं पुढची साडी उलगडली.