गेव्याचं लांबलचक नाव

शकुच्या हाताला गुण होता. कांजूरमार्गच्या खाडीकाठी निसर्ग केंद्राची रोपवाटिका आहे, तिथं तिनं अकरा वर्षांत पिशव्यांमधून वाढवलेली तिवरं, कांदळ आणि चिपी ही खारफुटीची झाडं आता तिच्याच डोक्यावर सावली धरत होती. कुठलं रोप खारट चिखलात तग धरेल आणि कुठलं आठवड्यात मान टाकेल, हे ती नुसतं बघून सांगायची. पण गेल्या हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला आलेल्या एका बाईंनी तिला तिवराचं शास्त्रीय नाव विचारलं आणि तिची बोबडीच वळली. बाई "असू दे, असू दे" म्हणत पुढे गेल्या. ते "असू दे" तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

म्हणून केंद्रानं खाडी दाखवायला मार्गदर्शकाची जागा काढली, तेव्हा पहिला अर्ज शकुचा होता. तिला ती जागा हवीच होती. लावायची आपण आणि नावं सांगायची दुसऱ्यानं, हे तिला आता सोसत नव्हतं. केंद्रप्रमुख पद्मजा मॅडमनी अट घातली होती: शनिवारी शाळेच्या मुलांना फिरवायचं आणि आठ झाडांची नावं, मराठी आणि शास्त्रीय, न अडखळता सांगायची.

शिकवायला श्रुतिका होती. केंद्रातलीच, वनस्पतीशास्त्र शिकलेली, शकुला मावशी म्हणणारी मुलगी. शकुचं शिक्षण सातवीपर्यंतचं. इंग्रजी अक्षरं एकेक करून लागायची. सात नावं कशीबशी वहीत उतरली. आठवं निघालं गेव्याच्या झाडाचं, आणि तिथं घोडं अडलं. श्रुतिका म्हणाली, एक्सिकेरिया. पद्मजा मॅडम जाता जाता म्हणाल्या, एक्सोकेरिया. सल्ला द्यायला येणारे निवृत्त प्राध्यापक मार्तंड सर चहा घेत होते, त्यांनी दोघींना थांबवलं आणि एक्सकेकेरिया म्हणून दाखवलं. मग जो वाद पेटला, त्यात सरांचा चहा गार झाला. शकुच्या वहीत एका झाडापुढे तीन नावं झाली. शिकलेल्यांचंच एकमत नाही, तिथं आपला काय पाड लागणार, असं म्हणत ती घाटकोपरला घरी आली.

घरी सासरे होते, भाऊराव. टेकडीवरच्या विहारात दर रविवारी वंदना सांगायचं काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. दोन वर्षांमागे खोकल्यानं धरलं, तेव्हापासून ते शकुवर आलं. त्यांनी सुनेचा पडलेला चेहरा पाहिला, वही मागून घेतली आणि ही भाषा कुणाची म्हणून विचारलं. लॅटिन आणि जुनी ग्रीक, शकु म्हणाली. आता घरात कुणी बोलत नाही म्हणे. हे ऐकून म्हातारा एकदम खुलला.

"मग भेतेस कायले? वंदनेची पालीसुद्धा आज कोणाच्या घरात बोलतात? आपण कशी म्हणतो? लिहिलंय तेवढं सगळं म्हणायचं, एक अक्षर गिळायचं नाही. गिळलेलं अक्षर कोणालेच ऐकू येत नाही, पोरी."

शकुनं विचारलं, एकच अक्षर कुणी स म्हणतं, कुणी क म्हणतं, त्याचं काय? भाऊरावांनी सांगितलं, एक धर आणि शेवटपर्यंत तेच ठेव. शकुनं क धरला.

दुसऱ्या दिवशी तिनं भीतभीतच श्रुतिकाला विचारलं, असं चालेल का? श्रुतिकानं थोडा विचार केला आणि कबूल केलं, की देशोदेशीचे लोक ही नावं आपापल्या परीनं म्हणतात; ऐकणाऱ्याला झाड कळलं म्हणजे झालं. वर तिनं अर्थही सांगितले. चिपीच्या नावात अपेटाला आहे. पेटाला म्हणजे पाकळी, आणि अ म्हणजे नाही.

"अनिच्चमधला अ?" शकुनं विचारलं. अनिच्च म्हणजे न टिकणारं, हे तिला विहारातून ठाऊक होतं. "म्हणजे आपल्या ओळखीचंच निघालं की गं हे."

आणि गेव्याचं नाव म्हणजे आंधळं करणारा, हे कळल्यावर तर ती पोट धरून हसली. त्याच्या चिकानं तिचा डोळा एकदा तीन दिवस सुजला होता. नाव ठेवणाऱ्याच्याही डोळ्यात गेला असणार मेला, असं ती म्हणाली. त्यानंतर ते नाव विसरणं तिला शक्यच नव्हतं.

शनिवारी तीस मुलं आली. मुलांमध्ये श्रुतिका होती, मागून पद्मजा मॅडम आणि मार्तंड सर कागद-पेन घेऊन चालत होते. शकु सगळ्यांच्या पुढे होती. तिवरापाशी ती थांबली, हात जोडल्यासारखे पुढे धरले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "अविकेन्निया मरिना."

आणि गप्प राहिली.

विहारात असंच असतं. पुढचा एक ओळ म्हणतो आणि थांबतो, मागचे ती म्हणतात, मग पुढची ओळ. दोन वर्षांची सवय. जीभ आपोआप थांबली. पण हे विहार नाही, हे शकुच्या लक्षात आलं. मॅडमचं पेन कागदावर टेकलं. बाई अडखळली, असंच त्या लिहिणार.

पण मुलं शाळेतली होती. मोठं माणूस काही म्हणून थांबलं की आपण काय करायचं, हे त्यांना पहिलीपासून पाठ. तीस गळ्यांनी खाडी दणाणली: "अविकेन्निया मरिना!"

शकुच्या जिवात जीव आला. मग ती एकेक झाड घेत गेली, म्हणत गेली, थांबत गेली. झाडाची गोष्टही सांगत गेली. शेवटी गेवा आला. चिकाला हात लावू नका, असं तिनं मुलांना आधी बजावलं आणि मग सगळी अक्षरं मोकळी सोडून म्हटलं, "एक्सकोएकारिया अगाल्लोखा."

मुलांनी म्हटलं. त्यांच्या मागून आणखी दोन आवाज आले, एक जाड आणि एक बारीक. श्रुतिकानं वळून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. मार्तंड सर आणि पद्मजा मॅडम, दोघं एका सुरात, शकुनं म्हटलेलं नाव जसंच्या तसं म्हणून बसले होते. त्यांच्याही ते ध्यानात आलं. सर मॅडमकडे बघत म्हणाले, वाद मिटला म्हणायचा. मॅडमनी कागदाची घडी घातली आणि शकुला विचारलं, पुढच्या शनिवारी पहिली तुकडी सात वाजता येते, तू येशील ना?

संध्याकाळी शकुनं घरी सगळं सांगितलं. भाऊरावांनी तिला समोर बसवलं आणि ते नाव म्हणायला लावलं. शकुनं म्हटलं आणि ती थांबली. चाळीस वर्षं पुढं म्हणणारा तो माणूस सरळ बसला, त्यानं हात जोडले आणि सुनेच्या मागून एक अक्षर न गिळता ते नाव म्हटलं.