लाईनवरचा माणूस

"आज माझं नाव घिऊन हाक मारू नको," नाकावर रुमाल ओढत विरूपाक्ष म्हणाला.

"मग काय म्हनू? लाईनमन सायब?" खड्ड्यातून केरबा हसला.

विरूपाक्षला हसू आलं नाही. लातूरच्या या गल्लीतली ड्रेनेजची जुनी लाईन ठिकठिकाणी खचली होती. ती काढून नवे पाइप टाकायचं काम त्यांच्या टोळीकडं आलं होतं, आणि याच गल्लीत त्याच्या मुलीचं, दामिनीचं, सासर होतं.

सोयरीक जमताना व्याह्यांनी विचारलं होतं, कामाला कुठं असता? "लाईनवर," तो म्हणाला होता. खोटं नव्हतं ते. पण आपल्याकडं लाईन येते नि जाते ती विजेची. व्याह्यांनी त्याला परस्पर खांबावर चढवला, मांडवात पाहुण्यांनाही तसंच सांगितलं, आणि विरूपाक्ष काही खाली उतरला नाही. गळ्यात इष्टलिंग बांधणारा लिंगायत माणूस गटारात उतरतो, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. दामिनीलाही त्यानं गप्प बसवलं होतं. आता कळलं तर पोरीला घरात उठता बसता बोलणी बसणार होती.

"म्या रोज उघड्या तोंडानं उतरतो," केरबा म्हणाला. "मला वळखलं तर चालतं, व्हय?"

विरूपाक्षला याचीही लाज वाटली. रुमाल मात्र त्यानं खाली केला नाही.

दुपारी समोरचं दार उघडलं. विहीणबाई लक्ष्मम्मा नाकाला पदर लावून ओट्यावर आल्या.

"दामिनी, लोकं उन्हात राबून राहिलेत. पानी दे त्यायला. तांब्या हातात देऊ नको, वरून वत."

दामिनी खाली आली. केरबा प्यायला. विरूपाक्षनं मानेनंच नको म्हटलं.

"प्या की हो, ऊन लई हाय," लक्ष्मम्मांनी वरून आग्रह केला.

आता नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. ओट्याकडं पाठ करून त्यानं रुमाल उतरवला आणि ओंजळ धरली. दामिनी तांब्या त्याच्या हाताला लागेल इतका खाली आणून वाकली आणि थबकली.

"अप्पा!"

चांगलं मोठ्यानं म्हणाली. लपवालपवीला तीही विटली असावी.

"कोन गं?" लक्ष्मम्मांनी विचारलं.

नुसतं 'मीच' म्हणायचं होतं. विरूपाक्षनं मान वर केली नाही.

"दुसरं कुनी वाटलं असंल, बाई," तो दबक्या आवाजात म्हणाला. "चुकून राहिल्या तुमी."

पोटच्या पोरीला तो आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो करत होता.

केरबानं तोंड फिरवलं. दामिनीनं तांब्या सासूनं सांगितला होता तितका वर नेला आणि पाणी ओतलं.

"अजून देऊ का, काका?"

ओंजळ भरून वाहायला लागली होती. ती तोंडाला लावायचं विरूपाक्षला सुचत नव्हतं.